परीक्षेला न येणारा प्रश्न

श्रीगोंद्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?" मी म्हणाले, नक्की आठवत नाही, माझं पाळी जायचं वय झालंय, हल्ली कधी येते, कधी येत नाही. त्यांनी तपासलं, लघवीची चाचणी करून आणायला सांगितली, आणि मी परत येऊन समोर बसल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, पाळी गेलेली नाही. तुम्हाला दिवस गेलेत. तिसरा महिना असावा."

मी त्रेचाळीस वर्षांची होते. आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. माझी एकुलती एक मुलगी त्याच शाळेत दहावीत होती आणि तिच्या वर्गाला विज्ञान मीच शिकवत होते. त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार बाळाचा आला नाही, स्वतःच्या तब्येतीचाही आला नाही. आता हिला कसं सांगायचं, हा आला. आणि पाठोपाठ दुसरा, की ऑगस्टमध्ये तो धडा येतो.

तो धडा म्हणजे मानवी प्रजननाचा. बऱ्याच शाळांत तो शिकवत नाहीत, उरकतात. कुणी 'घरी वाचून या' म्हणतं, कुणी मुलींना वेगळं बसवून पाच मिनिटं काहीतरी पुटपुटतं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत पचनसंस्थेचा, हृदयाचा, कानाचा असे तक्ते भिंतीला होते, उन्हानं पार विटलेले. स्त्री प्रजनन संस्थेचा तक्ता तेवढा कपाटावर गुंडाळून ठेवलेला होता आणि त्याचे रंग नव्यासारखे होते. मी तो खाली काढला, झटकला आणि खिळ्याला अडकवला. तेव्हापासून दरवर्षी मुलामुलींना एकत्र बसवून मी तो धडा शिकवत आले. अंडाशय, अंडवाहिनी, फलन, गर्भाची वाढ, प्रसूती, सगळं त्या त्या शब्दांत. खिदळणारी मुलं दहाव्या मिनिटाला गप्प व्हायची आणि मग प्रश्न विचारायची. कुठलाही प्रश्न मी परत पाठवायचे नाही. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक मला भेटले की म्हणायचे, "तुम्हीच बाई ते शिकवू जाणे." मला त्याचा अभिमान होता. 'यात लाजायचं काय, आपण सगळे असेच जन्माला आलोत,' हे माझं दरवर्षीचं वाक्य होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या. ठेवायचं असेल तर या वयात काळजी जास्त घ्यावी लागेल, नसेल ठेवायचं तर लवकर ठरवा. मी म्हणाले, घरी बोलून सांगते.

माझे पती साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहेत. गावोगाव फिरून उसाच्या नोंदी करायचं त्यांचं काम. संध्याकाळी ते आले तेव्हा मुलगी क्लासला गेली होती. मी त्यांना सांगितलं. ते आधी हसले, मग ओशाळले, मग बराच वेळ बुटांचे बंद सोडत बसले.

"काय करायचं?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काही सुचत नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ते म्हणतील," ते म्हणाले. "पण आईच्या मनात किती वर्षं..." एवढं बोलून ते थांबले.

ते वाक्य पुरं करा, असं मी म्हटलं नाही. पुरं करायची गरजच नव्हती. मुलीच्या नंतर आम्ही दुसरं मूल होऊ दिलं नाही, तो निर्णय दोघांचा होता आणि सासूबाईंनी तो कधी मान्य केला नव्हता. त्यांना कळलं तेव्हा त्या देवघरापुढं जाऊन बसल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आता जड काय उचलू नको. देवाच्या मनात हाय, तर आपन कोन न्हाई म्हननारे?"

मी दवाखान्यात परत जायचं आज-उद्या करत राहिले. असं करता करता ते ठरूनच गेलं. कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, गर्भपाताला मन धजलं नाही. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी स्वतःच्याही तोंडानं म्हणत नव्हते. आता ठेवलंच आहे, तर मुलगा व्हावा.

मुलीला मी सांगितलं नाही. तिसरा महिना सरू दे, मग सांगू, चाचणी परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं चालू होतं. खरं कारण निराळंच होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आईला दिवस गेल्याचं सांगायचं, म्हणजे आई-बाप अजूनही नवरा-बायको आहेत हेही सांगायचं. ज्या गोष्टी मी तिच्यासमोर खडूनं फळ्यावर काढणार होते, त्याच गोष्टी घरात तोंडातून निघत नव्हत्या.

शाळेत मी पंजाबी ड्रेस सोडून साडी नेसायला लागले, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागले. फळ्यापाशी जायचं टाळून टेबलामागे उभी राहायला लागले. मराठीच्या मॅडम माझ्या शेजारी बसायच्या. त्यांनी एके दिवशी डबा खाताना माझ्या पोटाकडं बघून हळूच विचारलं, "मुलासाठी ना? बरं केलंत. जरा उशीर झाला, पण बरं केलंत." मी भाजीची वाटी त्यांच्याकडं सरकवली.

ऑगस्ट आला. तो धडा दुसऱ्या शिक्षकांना घ्यायला सांगावा, असंही मनात येऊन गेलं. पण त्यांनी तो एका तासात वाचून संपवला असता हे मला ठाऊक होतं, आणि का नाकारला याची चर्चा शिक्षकांच्या खोलीत झाली असती ती वेगळीच. म्हणून मीच घेतला. तक्ता लावला, पदर सारखा केला आणि शिकवायला लागले. लाजायचं काय हे वाक्य त्या वर्षी मी म्हणाले नाही. फलन झालं, युग्मनज अंडवाहिनीतून गर्भाशयात आला, रोपण झालं, वार तयार झाली. पाचव्या महिन्यात गर्भाची हालचाल आईला जाणवायला लागते, हे सांगताना आत खरोखरच काहीतरी हललं, आणि मी टेबलाची कड धरून दोन वाक्यं विसरले. वर्ग अगदी शांत होता. ही शांतता दरवर्षीची नाही, एवढं मला कळलं. पण मी स्वतःला समजावलं, मुलं लक्ष देऊन ऐकतायत.

दुसऱ्या दिवशी लिंगनिश्चिती होती. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येतं, वडिलांकडून एक्स किंवा वाय. मी फळ्यावर रंगीत खडूनं चौकट काढली. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग आमच्याकडं बाईला औषध देत्यात पोरगा व्हावा म्हनून, त्याचा काय उपयोग न्हाई?"

"काही उपयोग नाही. बाळ पोटात आलं तेव्हाच ते ठरून गेलेलं असतं. आणि बाईच्या हातात तर त्यातलं काहीच नसतं."

तेव्हा दुसऱ्या बाकावरून माझी मुलगी उभी राहिली. शाळेत ती मला मॅडमच म्हणते, ते आम्ही पाचवीपासून ठरवलेलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "घरात एक मुलगी असते. ती चांगली शिकत असते. तरी मुलगा पाहिजे म्हणून आई-वडील इतक्या वर्षांनी परत मूल होऊ देतात. हे चूक आहे ना?"

आवाज चढलेला नव्हता. खाली बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. तिच्या शेजारची मैत्रीण वहीवर उगाच रेघा ओढायला लागली. बाकी सगळ्यांच्या माना खाली गेल्या, एका वेळी. त्या खाली गेलेल्या माना बघितल्या आणि मला कळलं, की सगळ्यांना माहीत आहे. कितीतरी दिवसांपासून माहीत आहे. मी टेबलामागे उभी राहून जे लपवत होते, ते बघत ही पोरं रोज माझ्यासमोर बसली होती.

वीस वर्षांत मी कुठलाही प्रश्न परत पाठवला नव्हता. त्या दिवशी मी म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. बस खाली."

ती बसली. मी फळा पुसला. चौकट अजून कुणी उतरवून घेतली नव्हती.

घरी आल्यावर तिनं दप्तर ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. मी चहा घेऊन गेले.

"तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं. राखीच्या दिवशी. म्हणाली, पुढच्या वर्षी तुला राखी बांधायला घरातलाच भाऊ हाय." आजीची नक्कल करताना ती हसली नाही. "मी वाट बघत होते, तू सांगशील म्हणून. मग शाळेत पोरी विचारायला लागल्या. मी त्यांना म्हणाले, तसलं काही नाही. खोटी पडले."

"मला लाज वाटत होती ग."

"कुणाची? माझी?"

"तुझी नाही. अशी... या वयात."

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "मुलगा पाहिजे म्हणूनच ना?"

"तसं काही नाही," मी म्हणाले. "झालं ते झालं. आम्ही ठरवून काही केलेलं नाही."

एवढं खरं होतं, आणि मी त्याच्यामागं लपले. तिनं चहा घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या स्कूटीवर बसेना. सायकलनं पुढं निघून जायची.

त्याच महिन्यात सोनोग्राफी करायची होती. माझे पती कारखान्याच्या मीटिंगला अडकले. सासूबाईंचे गुडघे दुखत होते. मी एकटीच निघाले होते, तर मुलगी गेटपाशी आली आणि म्हणाली, "मी येते. एकटी जाऊ नको." एसटीत ती माझ्या शेजारी बसली, खिडकीबाहेर बघत. पण खड्डा आला की तिचा हात माझ्या पोटापुढं यायचा. मी तो हात बघत बसले आणि मला वाटलं, चला, निवळलं.

दवाखान्यात गर्भलिंगनिदान होत नाही असं सांगणारा मोठा फलक होता, तो सगळीकडेच असतो. मी आत जाऊन आडवी झाले. मुलगी डोक्याशी उभी राहिली. डॉक्टरांना आम्ही कोण ते कळलं, मुलगी दहावीत आहे, हाच धडा चालू आहे, हेही कळलं. त्यांनी हौसेनं पडदा आमच्याकडं वळवला. "हे बघ हृदय, कसं चाललंय. हा पाठीचा कणा. ही वार." मुलीनं वाकून बघितलं. "आणि नाळ?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी नाळ दाखवली. तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. "एवढं जोरात चालतं हृदय?" ती म्हणाली. ते माझ्या पोटातलं बाळ तिनं तेव्हा पहिल्यांदा बाळ म्हणून बघितलं असावं.

मी हृदय बघत नव्हते. मी विज्ञान शिकवते. कुठं बघायचं असतं ते मला माहीत होतं. डॉक्टर पोटावर यंत्र सरकवत होते तसे माझे डोळे पडद्यावर खाली खाली जात होते, मांड्यांची हाडं दिसतात तिथं. दिसत काहीच नव्हतं, नुसत्या करड्या सावल्या. तरी मी मान उचलून बघत होते. डॉक्टर बोलता बोलता थांबले. मग त्यांनी पडदा स्वतःकडं फिरवून घेतला. मी वर बघितलं, तर मुलगी पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

परत येताना स्टँडवर तिनं विचारलं, "काय शोधत होतीस?"

खोटं बोलायला जागा उरली नव्हती. "तू म्हणतेस तेच," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. रडली नाही. म्हणाली, "माझ्यात काय कमी होतं?"

"काही नाही. तुझ्यात काही कमी नाही."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मला अजूनही देता येत नाही. लहानपणापासून कानावर पडलेलं, आई-आजीनं बोललेलं, सासूबाईंनी न बोलता दाखवलेलं, असं काय काय सांगता आलं असतं. पण हे सगळं चूक आहे असं मी वीस वर्षं पोरांना शिकवत होते, आणि तरी ते माझ्या आत होतं, आणि ज्या मुलीला ते दिसायला नको होतं तिनंच ते पाहिलं होतं. एसटी आली. आम्ही चढलो. येताना तिनं पुढं हात धरला नाही.

सोमवारी मी वर्गात गेले आणि हजेरी झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. ते चूकच आहे. आणि शिकली-सवरलेली माणसंसुद्धा ती चूक करतात. माझ्याही मनात तेच होतं." रात्रभर घोकून ठेवलेलं आणखी बरंच बोलायचं होतं, पण मी टेबलाची कड धरून उभी राहिले. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, तिनं माझी खुर्ची ओढून पुढं आणली आणि म्हणाली, "बसा मॅडम." मी बसले. त्या पोरांनी मला इतकं जपलं, की मला मान वर करता येईना. मनात मात्र कुठंतरी हलकं वाटत होतं. आपण धीटपणानं खरं बोललो असं वाटत होतं.

संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात आली. तिचे कान लाल झालेले होते.

"तू मला विचारलंस का?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलायच्या आधी?"

"तू सगळ्यांसमोर विचारलं होतंस म्हणून..."

"मी प्रश्न विचारला होता. आपल्या घरातलं सांगितलं नव्हतं. आता सगळे माझ्याकडं कसं बघतात, माहितीये? बिचारी म्हणून."

मला ते सुचलंच नव्हतं. मोकळी मी झाले होते, आणि ओझं उचलून तिच्या डोक्यावर दिलं होतं.

जानेवारीत मुलगा झाला. सिझेरियन करावं लागलं. शुद्धीवर आले तेव्हा नर्सनं बाळ दाखवलं आणि मला आनंद झाला. नुसता मूल सुखरूप असल्याचा नाही, तोही होता. पण त्याच्यावर आणखी एक आनंद होता, आणि तो कशाचा ते मला त्या अर्धवट गुंगीतही कळलं. सासूबाई नातवाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. "लई वाट बघाय लावली रं," त्या म्हणत होत्या. दुपारी माझे पती पेढ्यांचे पुडे घेऊन आले, अर्धे शाळेत द्यायला. मुलगी कॉटच्या पायथ्याशी उभी होती. तिनं पुडा हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि वडिलांना शांतपणे म्हणाली, "शाळेत मी नेणार नाही. तुम्ही न्या."

 पुडे त्यांनी परत पिशवीत ठेवले. शाळेत पेढे गेलेच नाहीत, आणि मराठीच्या मॅडमनी नंतर फोन करून मला त्याबद्दल लटकं रागावूनही घेतलं.

बाळाचं मात्र तिनं सगळं केलं. मला टाके दुखायचे, वाकता यायचं नाही. ती दुपटी बदलायची, ढेकर काढायला त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायची. परीक्षा जवळ आली तेव्हा झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मांडीवर पुस्तक घेऊन बसायची. दोरी हलायची आणि ती मोठ्यानं पाठ करायची. तो तिच्या आवाजावर झोपायचा, माझ्या नाही.

एका दुपारी मी तिच्यापाशी जाऊन बसले. म्हणाले, "तुझी माफी मागायची राहिलीय."

ती पुस्तकातून वर बघून म्हणाली, "आई, उद्या इतिहासाचा पेपर आहे. पेपर संपल्यावर बोल."

पेपर संपले. एप्रिलमध्ये मी पुन्हा तिच्याशी बोलले, या वेळी घरात दोघीच होतो. रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि रडले नाही. जे झालं ते झालं, त्यात तुझा काही दोष नव्हता, आणि मी तुला दुखावलं, एवढंच म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. थोडा वेळ बसली आणि मैत्रिणीकडं जाते म्हणून स्कूटीची चावी घेऊन गेली.

आता ती नगरला वसतिगृहात राहून बारावी करतेय. शनिवारी येते. आली, की तो दारातच तिच्या पायांना मिठी मारतो, आणि ती त्याला उचलून सगळं घर फिरवते, गॅलरीतून ट्रॅक्टर दाखवते, त्याच्याशी बोबडं बोलते. माझ्याशीही बोलते, कॉलेजचं, मेसच्या जेवणाचं, कुठल्या सरांना शिकवता येत नाही त्याचं. काही तुटलेलं नाही. पण ती दोघं खेळत असली आणि त्याला छातीशी धरून ती हसत असली, की मी तिथं बसू शकत नाही. पोळ्या लाटायच्या आहेत म्हणते आणि आत जाते.